आमचं मत हवंय? मग उत्तर लेखी द्या

परभणीच्या मुसलमानाला निवडणुकीत एकच प्रश्न विचारला जातो : "यंदा मतं फुटणार तर नाहीत ना?" पक्षाचे लोक हे विचारतात, पत्रकार विचारतात आणि मतदानाच्या आदल्या रात्री आपल्याच मोहल्ल्यातले वडीलधारे विचारतात. आपण उमेदवाराला काय विचारलं आणि त्याने काय उत्तर दिलं, याची चौकशी कुणी करत नाही. या लेखात मला तेवढीच चौकशी करायची आहे.

मी परभणी शहरात राहते. वेबसाइट बनवणं, माहिती भरणं, तक्ते तयार करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे निवडणूक जवळ आली की ओळखीतली पोरं म्हणतात, "आपा, सगळ्या उमेदवारांची तुलना करणारं एखादं ॲप बनव ना. कोण किती पाण्यात आहे ते लोकांना कळेल." ॲप बनवणं अवघड नाही. नाव, पक्ष, चिन्ह, शिक्षण, मालमत्ता, गुन्हे हे रकाने एका दिवसात भरता येतात. अडतं ते 'भूमिका' या रकान्यात. शाळा, पाणी, पीक विमा, शिष्यवृत्ती, पोलिस कोठडी यांवर उमेदवार काय करणार, हे भरायला हातात कागदच नसतो. भाषणं असतात, रील्स असतात, दर्ग्यावर चादर चढवतानाचे फोटो असतात. सही केलेलं उत्तर नसतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तुलना करणारं तंत्रज्ञान आपल्याला हवंच आहे. पण त्याचं पहिलं काम मतदाराला सल्ला देणं हे नव्हे. उमेदवाराकडून उत्तर काढून घेणं आणि तो गप्प बसला तर ते गप्प बसणं सगळ्यांना दिसेल असं मांडणं, हे त्याचं पहिलं काम.

३४ उमेदवार आणि एक घोषणा

२६ एप्रिल २०२४ला परभणी लोकसभेचं मतदान झालं. रिंगणात ३४ उमेदवार होते. मतदान यंत्राच्या एका युनिटवर १६ बटणं असतात. 'नोटा' धरून ३५ बटणांसाठी तीन युनिटं लागतात. जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी आणि जालना जिल्ह्यातले परतूर, घनसावंगी एवढ्या मोठ्या टापूतल्या मतदारासमोर ती लांबलचक यादी होती. प्रचारात बोलणं कशावर झालं? मराठा की ओबीसी, स्थानिक की बाहेरचा, मशाल की शिट्टी. पंजाबराव डखही वंचितकडून उभे होते. पाऊस कधी पडेल हे डखांना विचारणारे शेतकरी मराठवाडाभर आहेत. संसदेत गेल्यावर पीक विम्याबद्दल काय मागणी कराल, हे त्यांना किंवा इतर कुणाला विचारणारे किती होते?

आता आपल्याकडे पाहू. २०१९ला वंचितचे आलमगीर खान यांना जवळपास दीड लाख मतं पडली आणि शिवसेनेचे संजय जाधव ४२ हजारांच्या फरकाने निवडून आले. पुढची पाच वर्षं मोहल्ल्यामोहल्ल्यात एकच चर्चा : मतं फुटली. २०२४ला तेच संजय जाधव मशाल घेऊन उभे राहिले, मोहल्ले त्यांच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी महादेव जानकरांचा १ लाख ३४ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. ज्या मतदारसंघात आमच्या अब्बांच्या पिढीने 'खान हवा की बाण हवा' ही घोषणा ऐकत मतदान केलं, तिथे एवढा मोठा बदल झाला. तो चूक होता असं मी म्हणत नाही. परिस्थिती बदलली, पक्ष फुटले, लोकांनी विचार करून मत दिलं. माझा प्रश्न पुढचा आहे. एवढा मोठा पाठिंबा देताना आपण लिहून काय घेतलं? किती मुद्द्यांवर? कुठल्या तारखेला? तो कागद आज कुणाकडे आहे?

मतदानाच्या आदल्या रात्री माझ्या फोनवर एकच मजकूर तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. खाली कुणाचं नाव नव्हतं, उमेदवार काय करणार याचा एक शब्द नव्हता. फक्त चिन्ह आणि "कौम का फैसला". हा फैसला कुठे झाला, कोण बसलं होतं, त्यात एक तरी बाई होती का, पंचविशीच्या आतला एक तरी पोरगा होता का? अशा मजकुरामागे मतांचे ठेकेदार असतात. ते आपली मतं गठ्ठ्याने पोचवतात आणि त्या बदल्यात मोहल्ल्याला काय मिळालं याचा हिशेब कधी देत नाहीत. गठ्ठा पोचल्यावर उमेदवाराने आपल्या दारात येऊन उत्तर तरी कशाला द्यावं?

सरकारी ॲप काय सांगतं, काय सांगत नाही

काही मित्र म्हणतात, माहिती तर उपलब्ध आहे. निवडणूक आयोगाचं 'नो युवर कॅन्डिडेट' ॲप आहे, 'मायनेता'ची वेबसाइट आहे. खरं आहे, आणि ती माहिती कुणी ताटात वाढून दिलेली नाही, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. १९९९मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' ही संस्था काढली आणि उमेदवारांवरचे गुन्हे, त्यांची मालमत्ता आणि शिक्षण मतदाराला कळलं पाहिजे म्हणून कोर्टात गेले. २ मे २००२ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मग एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले आणि तो निकाल बोथट करणारा कायदा त्यांनी केला. १३ मार्च २००३ला न्यायालयाने त्या कायद्यातलं ते कलम रद्द केलं. आज प्रत्येक उमेदवार जे प्रतिज्ञापत्र भरतो ते या भांडणातून आलं आहे.

पण त्या प्रतिज्ञापत्रात काय असतं? पॅन, उत्पन्न, जमीन, सोनं, गाड्या, कर्ज, खटले, शिक्षण. उमेदवार कोण आहे हे त्यातून कळतं. निवडून आल्यावर तो काय करणार, याला त्यात एक ओळ नाही. मुंबईत 'प्रजा फाउंडेशन' नगरसेवक आणि आमदारांची प्रगतिपुस्तकं काढतं, दिल्लीतली 'पीआरएस' ही संस्था खासदारांची हजेरी आणि प्रश्न मोजते. हे उपयोगाचं काम आहे, पण ते निवडून आल्यानंतरचं. मतदानाआधी उमेदवारांच्या भूमिका शेजारी शेजारी ठेवून पाहायची सोय परभणीच्या मतदाराला नाही.

जाहीरनामे असतात, असं कुणी म्हणेल. ते पक्षाचे असतात आणि अनेकदा मतदान तोंडावर आल्यावर निघतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने सांगितलं की आश्वासनांसाठी पैसा कुठून आणणार हेही जाहीरनाम्यात दिसलं पाहिजे. तुमच्या हाती आलेल्या जाहीरनाम्यांत ते किती वेळा दिसलं, आठवून पाहा.

जगात जर्मनी

आपल्याकडे अभिमानाने म्हणतात, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. मग जर्मनीत हे कसं चालतं तेही पाहू.

तिथे २००२पासून 'वाल-ओ-मॅट' नावाची ऑनलाइन सोय आहे. कल्पना मूळ नेदरलँड्सची. तिथे १९८९मध्ये कागदावर तिची सुरुवात झाली. जर्मनीत नागरिक-शिक्षणाची सरकारी संस्था ती चालवते. पद्धत अशी : आधी विधानांची यादी बनते, आणि ती बनवण्यात तरुण आणि पहिल्यांदा मतदान करणाऱ्या मुलामुलींचा मोठा वाटा असतो. मग ती यादी पक्षांकडे जाते. पक्षांनी प्रत्येक विधानाला सहमत, असहमत किंवा तटस्थ असं उत्तर द्यायचं आणि कारण लिहायचं. त्यातून ३८ विधानं निवडली जातात. मतदार घरी बसून त्याच ३८ विधानांना उत्तरं देतो आणि कोणता पक्ष आपल्या किती जवळ आहे ते पाहतो. साडेआठ कोटींच्या आतल्या या देशात २०२१च्या निवडणुकीत ही सोय २ कोटींहून अधिक वेळा वापरली गेली. फिनलंडमध्ये १९९६पासून आणि स्वित्झर्लंडमध्ये २००३पासून पक्षांच्या पुढे जाऊन एकेका उमेदवाराची उत्तरं अशीच घेतात.

यात आपल्या उपयोगाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, उत्तर पक्ष स्वतः देतो. कुणा विद्वानाने किंवा यंत्राने पक्षाच्या मनातलं ओळखून ते भरलेलं नसतं. दुसरी गोष्ट २०१९ची. या सोयीत मतदाराला एका वेळी फक्त आठ पक्षांशी तुलना करता यायची. एका छोट्या पक्षाने तक्रार केली की यामुळे लोक मोठ्या पक्षांच्याच नावावर टिचकी मारतात. कलोनच्या न्यायालयाने ती मान्य केली आणि पद्धत बदलावी लागली. परभणीच्या ३४ उमेदवारांतून तीन 'तगडे' निवडून बाकीच्यांना बाहेर ठेवणारा तक्ता आपण बनवला, तर आपणही तेच करू. प्रश्न ३४ जणांना गेले पाहिजेत.

जर्मनीची नक्कल इथे जशीच्या तशी चालणार नाही. तिथले पक्ष आपल्याइतक्या वेगाने फुटत आणि जुळत नाहीत. आपल्याकडे जून २०२२मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३मध्ये राष्ट्रवादी फुटली. आपल्याच मतदारसंघात पाहा : मार्च २०२४मध्ये महादेव जानकरांची शरद पवारांशी बोलणी चालली होती, मग ते महायुतीकडून परभणीत उभे राहिले आणि त्याच वर्षी विधानसभेच्या आधी त्यांनी महायुती सोडली. त्यात भर म्हणजे पक्षांतरबंदी कायदा. व्हिप निघाला की खासदाराच्या वैयक्तिक मताला सभागृहात फारशी जागा उरत नाही. म्हणून आपल्या यादीत दोन प्रश्न जास्तीचे हवेत. पक्षाचा आदेश तुमच्या लेखी उत्तराच्या विरुद्ध गेला तर काय कराल? आणि पक्ष किंवा आघाडी बदलली तर राजीनामा देऊन पुन्हा आमच्यासमोर याल का?

प्रश्न असा हवा की 'हो' म्हणताना विचार करावा लागेल

"तुम्हाला विकास हवा का?" हा प्रश्न कुणीही विचारू शकतो आणि सगळे त्याला हो म्हणतात. त्यातून तुलना होत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर देताना उमेदवाराला कुणाची तरी नाराजी घ्यावी लागते किंवा पैशाचा हिशेब मांडावा लागतो, तो प्रश्न चांगला. काही नमुने देते.

पाणी. परभणीत नळाला किती दिवसांआड पाणी येतं हे परभणीकराला सांगायला नको. महापालिकेची मुदत मे २०२२मध्ये संपली आणि पुढचं मतदान थेट १५ जानेवारी २०२६ला झालं. मधली साडेतीन वर्षं प्रशासकाची. या काळात पाण्यासाठी कुणाला धरायचं हेच लोकांना कळत नव्हतं. म्हणून प्रत्येक नगरसेवकाला विचारायचं : एक दिवसाआड पाणी कोणत्या वर्षापर्यंत? त्यासाठी पाणीपट्टी वाढवायची का? हो की नाही?

पीक विमा. सरकारने २०२३मध्ये एक रुपयात पीक विमा आणला आणि २०२५च्या खरिपापासून तो बंद केला. तो परत आणावा का? सोयाबीन आणि कापसावर जगणाऱ्या या जिल्ह्यात हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरातला आहे, आणि ते घर अनेक गावांत मुसलमानाचंही आहे.

शिष्यवृत्ती. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्राची शिष्यवृत्ती २०२२मध्ये बंद झाली. पीएचडी करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी बंद करण्यात आली. ही रक्कम राज्याने द्यावी का? आमदारकीच्या उमेदवाराने हो किंवा नाही सांगावं.

आरक्षण. जुलै २०१४मध्ये राज्य सरकारने मागास मुस्लिम गटांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण सरकारी शिक्षणसंस्थांमधल्या आरक्षणाला आडकाठी केली नाही. तरी अध्यादेशाचा कायदा झाला नाही. पुढे दोन्ही बाजूंची सरकारं आली. फेब्रुवारी २०२०मध्ये महाविकास आघाडीच्या मंत्र्याने शिक्षणातलं आरक्षण आणणार असं सभागृहात सांगितलं, आणि तेही तिथेच राहिलं. या विषयावर तोंडी आश्वासन न दिलेला उमेदवार आपल्या मोहल्ल्यात सापडणार नाही. लेखी आश्वासन दिलेला शोधून दाखवा.

कोठडी. परभणीचा ख्वाजा युनूस हा इंजिनिअर होता. डिसेंबर २००२च्या घाटकोपर स्फोटानंतर त्याला पकडलं आणि जानेवारी २००३मध्ये मुंबई पोलिसांच्या कोठडीत त्याचा जीव गेला. तो पळून गेला असं पोलिसांनी सांगितलं होतं. सीआयडीच्या तपासात ते टिकलं नाही. त्याची आई, आसिया बेगम, वर्षानुवर्षं न्यायासाठी लढत राहिली. १० डिसेंबर २०२४ला परभणी स्टेशनजवळच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंद आणि धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. गुन्हा नोंदवा, हा आदेश मिळवण्यासाठी त्याच्या आईला जुलै २०२५पर्यंत उच्च न्यायालयात झगडावं लागलं. दोन आया, एकच शहर, मध्ये बावीस वर्षं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये प्रत्येक पोलिस ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितलं आहे. उमेदवाराला विचारा : जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का, याचा हिशेब तुम्ही दर सहा महिन्यांनी मागाल का? हा प्रश्न बौद्ध वस्ती आणि मुस्लिम मोहल्ला यांनी एकत्र विचारायचा आहे.

वक्फ. परभणीत मतदान झालं २६ एप्रिल २०२४ला. वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं त्याच वर्षी ८ ऑगस्टला, आणि एप्रिल २०२५मध्ये त्याचा कायदा झाला. साडेतीन महिन्यांनी ज्या विषयावर आपल्या खासदाराला भूमिका घ्यायची होती, त्यावर प्रचारात आपण ३४पैकी किती जणांना विचारलं होतं? पुढचं विधेयक कोणतं येईल हे आपल्याला कळणार नाही. पण तत्त्व विचारता येतं : धार्मिक संस्थांच्या मालमत्तेचा कारभार कुणाच्या हातात असावा, आणि तो नियम सगळ्या धर्मांना सारखा लागू असावा का?

"यानं काय होणार?"

पहिला आक्षेप मी घरातच ऐकते : "आपल्यापुढे पर्याय आहे कुठे? जो त्यांना पाडू शकेल त्याला मत द्यायचं, एवढंच आपल्या हाती." मी हा आक्षेप हसण्यावारी नेत नाही. बुलडोझर आणि झुंडींच्या बातम्या रोज वाचणारा माणूस असाच विचार करणार. पण मत कुणाला द्यायचं हे ठरलेलं असलं म्हणून प्रश्न विचारायला बंदी नाही. उलट ज्याला आपलं मत नक्की मिळणार आहे, त्यालाच सगळ्यात आधी विचारायला हवं, कारण त्याला आपल्यासाठी काही करायची घाई नसते. तुलना दोन उमेदवारांमध्ये होते तशी एकाच माणसाच्या दोन तारखांमध्येही होते : मत मागताना काय म्हणाला आणि तीन वर्षांनी काय केलं.

दुसरा आक्षेप : "लिहून देतील आणि विसरतील." विसरू देत. तोंडी आश्वासन विसरलं तर आपल्याकडे आठवण उरते. लेखी उत्तर विसरलं तर तारीख आणि सही उरते, आणि ती पुढच्या निवडणुकीत विरोधकाच्याही हाती लागते. म्हणूनच ते लिहून द्यायला टाळाटाळ करतात.

तिसरा आक्षेप : "मुसलमानांनी यादी काढली की समोरचे त्याचंच भांडवल करतील." यादीत फक्त वक्फ आणि आरक्षण असेल तर करतील. २०११च्या जनगणनेप्रमाणे हा जिल्हा १८ लाख ३६ हजार लोकांचा आहे आणि त्यात आपण साधारण सोळा टक्के. पाणी, विमा, जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरांची रिकामी पदं हे सगळ्यांचे प्रश्न आहेत. यादी बनवताना सेलूचा शेतकरी, पूर्ण्याचा रेल्वे कामगार, भीमनगरातली कार्यकर्ती आणि आपल्या मोहल्ल्यातली बारावीची मुलगी एकत्र बसली तर ती यादी परभणीची होते. आपले खास प्रश्नही त्यात राहतील, लपवायची गरज नाही.

एआयला विचारून भागणार नाही

आता काही जण म्हणतील, एवढी उठाठेव कशाला, चॅटबॉटला विचारू. विचारून पाहा. प्रभागातल्या उमेदवाराची पाणीपुरवठ्यावर भूमिका काय, हे कुठे लिहिलेलंच नाही. मग यंत्र वाचणार काय? तरी ते बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत पाठवत नाही, गोड भाषेत काहीतरी जुळवून देतं. तोच मजकूर उद्या ग्रुपवर 'तुलना' म्हणून फिरतो. मे २०२४मध्ये निवडणूक आयोगाला पक्षांना सांगावं लागलं की बनावट व्हिडिओ लक्षात आल्यावर तीन तासांत काढा. आपण त्या कचऱ्यात भर घालायची नाही.

यंत्राकडून हमालीचं काम जरूर घ्यावं. उमेदवाराच्या दोन तासांच्या भाषणाचा मजकूर उतरवणं, मराठी उत्तर उर्दूत नेणं, स्कॅन केलेल्या प्रतिज्ञापत्रातले आकडे वेचणं. पण प्रत्येक ओळ माणसाने तपासायची, आणि जिच्यामागे सही, ध्वनिफीत किंवा छापील पुरावा नाही ती ओळ तक्त्यात जाणार नाही.

कसं करायचं

दहा प्रश्नांपेक्षा जास्त नकोत. अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की त्याच दिवशी सगळ्या उमेदवारांना एकच पत्र, एकच मुदत. उत्तराचे चार रकाने : हो, नाही, अजून ठरवलेलं नाही, उत्तर दिलं नाही. चौथा रकाना गाळायचा नाही. तो सगळ्यात बोलका ठरेल. प्रत्येक उत्तराशेजारी सही केलेल्या कागदाचा फोटो आणि तारीख.

महापालिकेत बहुतेक प्रभागांत मतदाराला चार नावं निवडायची असतात, आणि निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तिथे एक नियम कडक पाळा : उमेदवार बाईंचं उत्तर बाईंनीच द्यायचं, नवरा किंवा दीर बोलायला लागला तर फोन बंद करायचा. लिहायची अडचण असेल तर त्यांच्या आवाजात, दखनीत, मराठीत, जमेल तसं घ्या. आपल्या अम्मी आणि खालांना तो आवाज ऐकवला तर कुणाला मत द्यायचं हे सांगायला दुसरा माणूस लागणार नाही.

"तुमचं अमक्याशी ऐंशी टक्के जुळतं" असली टक्केवारी दाखवू नका. एखाद्याला कोठडीचा एक प्रश्न बाकी नऊंपेक्षा मोठा वाटेल. ते त्यालाच ठरवू द्या. तक्ता पाहणाऱ्याचा फोन नंबर, नाव, जात, मोहल्ला काहीही मागू नका. आपल्या माणसांची यादी चुकीच्या हातात पडली तर काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. उमेदवाराकडून किंवा त्याच्या माणसाकडून एक रुपया घेऊ नका. खर्चाचा हिशेब तक्त्याखालीच लावा. पान स्वस्तातल्या फोनवर उघडलं पाहिजे, आणि त्याची कागदी प्रत चहाच्या हॉटेलात, वाचनालयात, बसस्थानकाजवळ लागली पाहिजे. छापताना खाली मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता टाका; लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमाची ती अट आहे, आणि आदल्या रात्रीच्या बिननावाच्या मजकुरापेक्षा आपण वेगळे आहोत हे त्यावरून दिसेल.

पुढची लोकसभा आणि विधानसभा २०२९ला. तोवर वेळ आहे, पण निवडून आलेले लोक आत्ताही खुर्चीवर आहेत. महापालिकेत तुमच्या प्रभागाचे जे चार जण गेले त्यांना या महिन्यातच तीन प्रश्न लेखी पाठवा. दोन मैत्रिणी, एक लिहिता येणारा दोस्त आणि झेरॉक्सपुरते पैसे एवढं भांडवल पुरतं. उत्तर आलं तर लावा. नाही आलं तर चौथ्या रकान्यात नाव लिहा आणि तोही कागद हॉटेलच्या भिंतीवर लावा. पुढच्या वेळी "मतं फुटणार तर नाहीत ना?" असं विचारायला कुणी दारात आलं, की त्याला त्या भिंतीकडे बोट दाखवा.